हिवाळी आणि अल्पाइन चढाईसाठी कॉम्पॅक्ट कॅमेरा कसा निवडावा

अल्पाइन, म्हणजे उंच बर्फाळ पर्वतांवरील, चढाईसाठी कॅमेरा घेताना बहुतेक जण सेन्सर, मेगापिक्सेल आणि झूम यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून तुलना करत बसतात. उणे १५ अंश सेल्सियसमध्ये, जाड हातमोजे घातलेल्या हाताने तो कॅमेरा खिशातून निघेल का, सुरू होईल का आणि सुखरूप परत आत जाईल का, हे मात्र कोणी पाहत नाही. माझ्या मते निवडीची सुरुवात इथूनच व्हायला हवी, कारण हिमकड्यावर जो कॅमेरा बाहेर निघत नाही त्याच्या सेन्सरचा आकार कितीही मोठा असला तरी त्याचा उपयोग शून्य आहे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. वजन आणि जागा

३०० ग्रॅमच्या आसपासचा, बाहेरच्या जॅकेटच्या छातीवरील खिशात किंवा सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावरील पाऊचमध्ये बसणारा कॅमेरा निवडा. सॅकच्या आत ठेवलेला कॅमेरा चढाई संपेपर्यंत सॅकमध्येच राहतो.

२. लेन्सचा कोन

२४ ते २८ मिलिमीटर समतुल्य (म्हणजे ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापाने मोजलेला) रुंद कोन हवाच, कारण दोरावरचा जोडीदार बहुतेक वेळा अगदी वर किंवा अगदी खाली असतो आणि मागे सरकायला जागा नसते. लांब झूम नसला तरी चालतो.

३. हातमोज्यांची परीक्षा

हा टप्पा मला सर्वांत अवघड गेला, आणि बाजारातील बहुतेक सल्ला इथेच तोकडा पडतो. दुकानात जाताना प्रत्यक्ष चढाईत वापरता ते जाड हातमोजे, आतल्या अस्तरी मोज्यांसह, सोबत न्या. पातळ मोज्यांनी कोणताही कॅमेरा हाताळता येतो; त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ‘फोटोपुरता मोजा काढावा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला सरळसरळ धोकादायक वाटतो. बोचऱ्या वाऱ्यात उघडी बोटे काही मिनिटांत बधिर होतात, बधिर बोटांनी गाठ नीट बांधता येत नाही, आणि काढलेला मोजा वाऱ्याने उडाला तर पुढच्या साऱ्या चढाईत तो हात हिमदंशापासून वाचवणे कठीण होऊन बसते.

दुसरा हात आइस ॲक्सवर (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीवर) आहे असे समजून एकाच हाताने, कॅमेऱ्याकडे न पाहता, पाच कामे करून पाहा: कॅमेरा खिशातून काढणे, सुरू करणे, फोटो घेणे, बंद करणे आणि परत ठेवणे. यातले एकही काम अडले तर तो कॅमेरा बाजूला ठेवा; सवयीने जमेल या आशेवर घेऊ नका. बिले देत असताना, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळत असताना, मात्र कॅमेऱ्याला हात लावूच नये. जोडीदार अँकरला, म्हणजे कड्यावरच्या पक्क्या आधाराला, बांधला गेल्यावरच कॅमेरा बाहेर काढावा.

या परीक्षेत सर्वाधिक कॅमेरे चालू-बंद करण्याच्या बटणावर नापास होतात. हे बटण बॉडीच्या पातळीत बुडालेले असेल तर मोज्यातल्या बोटाला ते सापडतच नाही. फार वर आलेले असेल तर खिशातच दाबले जाते आणि लेन्स कापडावर ढकलली जाऊन तिची यंत्रणा बिघडते. बोटाने सरकवायची कळ असलेला कॅमेरा मिळाला तर प्राधान्य द्या. मोड निवडण्याची चकती खिशात घासून फिरणार नाही इतकी घट्ट असावी. नेहमीचे टचस्क्रीन जाड मोज्यांना दाद देत नाही, म्हणून ज्यात महत्त्वाची सेटिंग केवळ स्क्रीनवरून बदलता येतात तो कॅमेरा नाकारा.

फोकस करण्यासाठी शटरचे बटण अर्धे दाबावे लागते, तेही जाड मोज्यातून कळत नाही. त्यासाठी फोकस हाताने एका अंतरावर कायम ठेवण्याची सोय हवी. २८ मिलिमीटर समतुल्य लेन्सवर एफ/५.६ हे छिद्रमान (ॲपर्चर) आणि ३ मीटर अंतर ठेवले, तर साधारण दीड मीटरपासून दूरच्या शिखरापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते, आणि मग बटण सरळ पूर्ण दाबता येते. शेवटी बॅटरीचे झाकणही मोज्यांनी उघडून पाहा. हे फार थोडे लोक करतात.

४. बाहेर येणारी लेन्स

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतील सरकत्या लेन्सच्या नळीभोवती फटी असतात. वाऱ्याने उडणारा भुसभुशीत बर्फ तिथे शिरतो, वितळतो, पुन्हा गोठतो आणि लेन्स अर्ध्यावर अडकते. ओएम सिस्टिमच्या टफ टीजी-७ सारख्या कॅमेऱ्यात लेन्स बॉडीच्या आतच हलते आणि उत्पादक उणे १० अंशांपर्यंत वापराची ग्वाही देतो. पण त्याचा सेन्सर १/२.३३ इंच, म्हणजे लहान आहे. उलट रिको जीआर III मध्ये मोठा एपीएस-सी सेन्सर आहे, पण लेन्स बाहेर येते आणि बर्फ-पाण्यापासून संरक्षण देणारे सीलिंग नाही. दिवसा बर्फावर उजेड मुबलक असतो आणि तेव्हा लहान सेन्सरही चांगले काम करतो. पहाटेच्या अंधारातले फोटो महत्त्वाचे असतील तरच मोठ्या सेन्सरसाठी हा धोका पत्करावा. ‘वॉटरप्रूफ’ या शिक्क्याचे आकर्षण अनेकांना असते, पण कडक थंडीत कोरड्या बर्फात पाणी हा मुख्य शत्रू नसतो. तिथे त्या कॅमेऱ्याचा खरा फायदा हा बंदिस्त लेन्सचाच.

५. बॅटरी

माहितीपत्रकातील फोटोंची संख्या खोलीच्या तापमानातील असते. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेरा बॅटरी संपल्याचे दाखवून बंद पडतो. ऊब मिळताच तीच बॅटरी पुन्हा चालते. म्हणून बॅटरी सहज काढता येईल असाच कॅमेरा घ्या आणि दोन जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा. कॅमेरा मात्र अंगालगत ठेवू नका, कारण घामाची वाफ लेन्सवर बसते आणि बाहेर काढताच गोठते. शून्य अंशाखाली गेलेली बॅटरी तशीच चार्ज करू नये. आत धातुरूप लिथियमचा थर बसून तिची क्षमता कायमची घटते.

६. एक्स्पोजर आणि पडदा

कॅमेऱ्याचे मीटर पांढऱ्या बर्फाला करडे ठरवते, त्यामुळे एक्स्पोजर (फोटोतला उजेड) +१ ते +१.७ स्टॉपपर्यंत वाढवावे लागते; त्यासाठी वेगळी चकती असेल तर उत्तम. लखलखत्या बर्फात स्क्रीन नीट दिसत नाही आणि पोलराइज्ड चष्म्यातून काही स्क्रीन एका दिशेने काळ्याच दिसतात. तुमचाच चष्मा लावून, कॅमेरा उभा-आडवा धरून हे तपासा.

७. दोरी

मनगटाच्या पट्ट्यावर विसंबू नका आणि कॅमेरा गळ्यात अडकवू नका. पातळ, मजबूत दोरीने तो सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला बांधा. दोरीची लांबी डोळ्यापर्यंत पोहोचेल एवढीच ठेवा, कारण त्याहून लांब दोरीवर लोंबणारा कॅमेरा क्रॅम्पॉनमध्ये (बुटांखालच्या काट्यांमध्ये) किंवा हार्नेसवरील (कमरेच्या सुरक्षा-पट्ट्यावरील) साधनांमध्ये अडकतो. कॅमेऱ्यावर दोरी ओवण्याचे छिद्र धातूचे आणि बॉडीत पक्के बसवलेले असावे. ते प्लॅस्टिकचे असेल तर ओढून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये.