रेझोनेटर गिटारचा आवाज बिघडतो कुठे? या चुका टाळा

रेझोनेटर गिटार पत्र्यासारखी वाजायला लागली, मधूनच झणझणली किंवा आवाज दबका येऊ लागला, की बरेच जण थेट नवा कोन (आतला शंकूसारखा धातूचा पत्रा) मागवतात. पैसे जातात आणि झणझण तशीच राहते. कारण दोष बहुतेक वेळा कोनमध्ये नसतो, तो कोन बसवण्यात असतो.

या वाद्यात तारेचं कंपन सॅडलमधून (तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिच्यातून) ॲल्युमिनियमच्या पातळ कोनमध्ये उतरतं आणि मुख्य आवाज तिथून निघतो. हा कोन सहसा चिकटवलेला नसतो. आतल्या गोल कठड्यावर तो ठेवलेला असतो आणि तारांच्या दाबाने जागेवर राहतो. सॅडल, कोन, कठडा यांच्यात कुठेही फट राहिली, की तिथेच खरखर सुरू होते.

घेताना : चकचकीत बॉडीवर भाळणं

आरशासारखी धातूची बॉडी पाहून भुलायला होतं. पण आधी बघायचं ते कोनची रचना आणि नेक, म्हणजे गिटारची मान. रचना मुख्यतः तीन. १९२७ च्या सुमारास नॅशनल कंपनीने बाजारात आणलेल्या ट्रायकोनमध्ये ६ इंचांचे तीन छोटे कोन असतात. आवाज मऊ आणि लांबत जाणारा. बिस्किट प्रकारात ९.५ इंचांचा एकच कोन, त्याच्या शेंड्यावर लाकडी चकती आणि चकतीत सॅडल. हा चटकन उसळतो आणि चटकन विरतो, म्हणून ब्लूजवाल्यांचा लाडका. स्पायडर प्रकार डोपेरा बंधूंच्या डोब्रो गिटारमुळे रूढ झाला. त्यात १०.५ इंचांचा कोन वाटीसारखा उताणा बसतो आणि आठ पायांचा धातूचा स्पायडर तारांचं कंपन त्याच्या कडेवर पोहोचवतो. ब्लूग्रास या अमेरिकी संगीतप्रकारात ऐकू येतो तो बहुधा हाच नाकातला, लांब रेंगाळणारा सूर. ब्लूजसाठी घेतलेली स्पायडर गिटार ‘हवी तशी भुंकत नाही’ म्हणून तिच्यावर महिनोन्‌महिने खटपट करण्यात अर्थ नाही. तो तिचा स्वभावच नव्हे.

नेकचंही तसंच. चौकोनी नेकची गिटार मांडीवर आडवी ठेवून स्टील बारने वाजवायची. तिच्या तारा फ्रेटबोर्डपासून (नेकवरच्या फ्रेट म्हणजे आडव्या पट्ट्या असलेल्या फळीपासून) जवळपास १ सेंटीमीटर उंच असतात, बोटांनी दाबता येत नाहीत. गोल नेकवर उंच नट (खुंट्यांकडची तारांच्या खाचांची पट्टी) लावून मांडीवर वाजवता येतं, पण जाड तारा लावून जी-बी-डी-जी-बी-डी असं उंच ट्यूनिंग केलं तर त्या नेकवर नको इतका ताण येतो.

आणखी एक. दुकानात स्वतः वाजवून आवाज जोखू नका. आवाज समोर फेकला जातो, वाजवणाऱ्याला तो कमीच ऐकू येतो. दुसऱ्याला वाजवायला सांगा आणि चार पावलं समोर उभे राहा.

बारीक तारा आणि सपाट उतार

बोटांना सोपं जावं म्हणून इलेक्ट्रिक गिटारच्या बारीक तारा लावल्या की कोनला पुरेसा दाब मिळत नाही. गोल नेकला साधारण १३–५६ (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), चौकोनी नेकला जी ट्यूनिंगमध्ये १६–५९ च्या आसपासचा संच चालतो. मात्र बिस्किट कोनवर याहून फार जाड तारा चढवल्या तर कोन दबून चपटा होऊ शकतो.

दाब केवळ जाडीवर ठरत नाही. सॅडलवरून टेलपीसकडे (तारांची मागची टोकं अडकवायच्या पट्टीकडे) जाताना तार किती खाली वळते, हेही बघा. ती जवळजवळ सरळच गेली तर सॅडलच्या खाचेत नाचते आणि आवाज पातळ येतो. सॅडल घासून घासून ॲक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) खाली आणण्याच्या नादात हीच गोष्ट घडते. स्लाइडसाठी, म्हणजे तारांवर नळी सरकवून वाजवायला, तारा थोड्या उंचच बऱ्या. पण सॅडल उंच करतानाही कव्हरप्लेटवरच्या (कोनवरच्या धातूच्या झाकणावरच्या) हात टेकायच्या पट्टीकडे लक्ष हवं. अंगठ्याने जोरात छेडलेली तार तिला खालून लागली, तरी ‘कोन वाजतोय’ असाच भास होतो.

खाचाही खोल नकोत. तारेची निम्मी जाडी आत बसेल इतकी खाच पुरे.

सगळ्या तारा एकदम काढणं

बिस्किट गिटारच्या सहाही तारा एकदम काढल्या की कोन सैल होतो आणि जरासा सरकतो. नव्या तारा लावल्यावर अष्टक जुळत नाही (१२व्या फ्रेटवरचा स्वर बेसूर लागतो) आणि कारण सापडत नाही. तारा एकेक करून बदला. कोन काढायचाच असेल तर तारा ढिल्या करून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, म्हणजे खुंट्यांवरची गुंडाळी सुटत नाही. मग टेलपीस मोकळा करून तारांसकट हलकेच बाजूला घ्या. कोनची मूळ जागा पेन्सिलच्या बारीक खुणेने टिपून ठेवा.

कोन बाहेर आला की त्याची कड सपाट काचेवर टेकवून एका बाजूने अलगद दाबा. डुगडुगला तर कड वाकली आहे. कठडा बोटाने चाचपून पाहा. वार्निशचा एखादा ओघळ किंवा लाकडाचा कण एवढंही खरखरीला पुरतं. परत बसवताना नट ते १२वा फ्रेट हे अंतर मोजा. १२व्या फ्रेटपासून सॅडल तेवढंच हवं, जाड तारांकडे किंचित जास्त. तारा हळूहळू चढवा. मधे टक्‌टक्‌ आवाज आला तर घाबरू नका, कोन जागा घेतोय.

स्पायडरचा स्क्रू आवळणं

मधला स्क्रू म्हणजे आवाजाचं बटण, असा समज सर्रास आहे. तो जास्त आवळला की कोनचा मधला भाग वर ओढला जातो, आवाज कोंडतो आणि कोन कायमचा बिघडू शकतो. फार सैल ठेवला तर स्क्रूच खुळखुळतो. तारा ढिल्या करून तो नुसता टेकेपर्यंत फिरवा, मग अगदी थोडा आवळून थांबा. त्याआधी स्पायडरच्या प्रत्येक पायाखाली कागदाची पातळ पट्टी सारून बघा. एखाद्या पायाखालून ती सहज निघाली तर तो पाय अधांतरी आहे आणि तिथे स्क्रू कितीही फिरवून उपयोग नाही.

खरखर शोधताना उलट क्रमाने जाणं

कव्हरप्लेट उघडण्याआधी बाहेरूनच पुष्कळ कळतं. एकच तार झणझणत असेल तर तिची सॅडलची खाच पाहा. ती तार मोकळी वाजवतानाच झणझणली, फ्रेटवर दाबल्यावर नाही, तर नटची खाच. कुठल्याही तारेवर तोच एक सूर खरखरत असेल तर काहीतरी सुट्टं आहे : कव्हरप्लेटचा स्क्रू, जाळी, खुंटीची रिंग. सॅडल आणि टेलपीस यांच्यामधल्या तारांवर बोट ठेवा. खरखर गेली तर तिथे फेल्टची पट्टी ओवली की काम झालं. सगळ्या तारा हाताने बंद करून कव्हरप्लेटवर ठिकठिकाणी टिचकी मारा, सैल जागा स्वतःहून बोलते. टेलपीस कव्हरप्लेटला घासतो का, तेही बघा.

खरखर दाबायला कोनखाली स्पंज किंवा कापूस कोंबणं मात्र कटाक्षाने टाळा. खरखरीबरोबर आवाजही जातो.

एवढं सगळं पाहून झाल्यावरही आवाज कोताच राहिला, तर नव्या कोनचा विचार करावा. स्वस्त गिटारांत बरेचदा साच्यात दाबलेले जाड कोन असतात. तिथे चांगला फिरवून घडवलेला कोन बसवला की फरक लगेच ऐकू येतो. मागवण्याआधी कठड्याचा व्यास आणि खोली मोजून घ्या. कठडाच तिरका असेल किंवा नेकचा उतार चुकला असेल, तर मात्र ते काम घरी करू नका, गिटार कारागिराकडे द्या.