अ‍ॅपलेशियन ट्रेलवर शेल्टरमध्ये मुक्काम कसा करावा

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या या सुमारे 3,500 किलोमीटरच्या वाटेवर 250 हून अधिक शेल्टर आहेत. बहुतेक शेल्टरला तीनच भिंती, वर छप्पर आणि झोपायला फळ्या. पुढची बाजू उघडी. बहुतेक ठिकाणी आधी येईल त्याला जागा. म्हणून तंबू सोबत हवाच, पावसात शेल्टर हमखास भरतं. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये मात्र आधी परवाना काढावा लागतो.

उजेड असतानाच पोहोचा आणि आधी पाणी भरा. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी फिल्टर करा किंवा एक मिनिट खळखळून उकळा.

सर्वांत जास्त छळतात ते उंदीर. सॅकमध्ये चॉकलेटचं रिकामं वेष्टन राहिलं तरी ते कापड कुरतडून आत शिरतात. सॅक रिकामी करून टांगा आणि चेन उघड्या ठेवा, म्हणजे ती कुरतडायची गरजच उरत नाही. अन्न, टूथपेस्ट, कचरा अस्वलपेटीत (अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत) ठेवा किंवा अन्न उंच टांगायला तिथे लावलेल्या केबलवर चढवा. दोन्ही नसेल तर जमिनीपासून 4 मीटर उंच आणि खोडापासून 2 मीटर लांब टांगा. हे आळसाने टाळू नका: अन्नाला चटावलेलं अस्वल पुन्हा येतं, आणि शेवटी बऱ्याचदा त्यालाच मारावं लागतं.

फळ्यांवर तंबू लावू नका, इतरांची जागा अडते. संडास नसेल तर पाणी, वाट आणि शेल्टरपासून 60 मीटर दूर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा खणा. रात्री उठलात तर हेडलॅम्पचा लाल उजेडच वापरा.