रूट कॅनल सांगितलंय? खुर्चीत काय होतं आणि पैसे कशाचे जातात

डॉक्टरांनी रूट कॅनल सांगितलं की घरातले सगळे एकदम तज्ज्ञ होतात, कोणी म्हणतं दाढ काढूनच टाक, कोणी म्हणतं लवंग धर. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बरं वाटतं हे खरंय, पण नसेपर्यंत पोचलेली कीड त्याने मागे फिरत नाही.

गार पाणी लागलं आणि लगेच थांबलं तर बहुतेकदा साध्या सिमेंटवर भागतं. चहाच्या घोटानंतर ठणका बराच वेळ राहतोय, रात्री आडवं झालं की आपोआप सुरू होतोय, तर प्रकरण पुढे गेलंय. आणि चार दिवस ठणकून दाढ अचानक गप्प झाली तर खूश होऊ नका, आतली नस मेलेली असू शकते आणि मुळाशी पू साचत राहतो. नुसत्या अँटिबायोटिकने सूज उतरेल, आतली घाण तिथेच राहणार.

पुण्यात क्लिनिकला तोटा नाही (दुपारी एक ते चार सोडून). दाढ अवघड असेल किंवा आधीचं रूट कॅनल बिघडलं असेल तर एन्डोडॉन्टिस्टच, म्हणजे रूट कॅनलचा स्पेशालिस्टच गाठा. बजेट कमी असेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा पिंपरीचं डी. वाय. पाटील, अशी डेंटल कॉलेजं आहेत. तिथे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च कमी पण वेळ हाताशी ठेवून जा.

भुलेचं इंजेक्शन फक्त तेवढ्या जागेपुरतं असतं, त्यामुळे जेवून जायला हरकत नसते. शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, सगळं आधीच सांगा, आणि ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आधी एक्सरे, मग इंजेक्शन. छातीत जरा धडधडलं तर घाबरू नका, त्यात बरेचदा अ‍ॅड्रेनालिन असतं, काही मिनिटांत जातं. सुजलेल्या दाढेला भूल कधीकधी नीट चढत नाही, अशा वेळी दात आवळून सहन करू नका, हात वर करा, डॉक्टर अजून एक इंजेक्शन देतात. पुढे दाताला वरून भोक, मग सुईसारख्या बारीक फायलींनी कॅनल, म्हणजे मुळातली नसेची नळी साफ, मधेच एक मशीन टिकटिक करतं ते मुळाची लांबी मोजायला, आणि स्विमिंग पूलसारखा वास येतो तो हायपोक्लोराइटचा, म्हणजे कॅनल धुवायच्या जंतुनाशकाचा. समोरच्या दाताला बहुतेक एकच कॅनल, वरच्या मोठ्या दाढेत बऱ्याचदा 4, म्हणून दाढेला वेळ जास्त लागतो. शेवटी आत गटापर्चा, म्हणजे रबरासारखा पदार्थ भरतात. एका सिटिंगमध्ये झालं नाही तर दोन-तीन.

बधिरपणा दोन-तीन तास राहतो, तोवर चावायचं नाही, नाहीतर गालच चावून बसाल. दोन-चार दिवस चावताना ठणकणं नॉर्मल. पण सूज वाढतेय, ताप आलाय, गिळायला त्रास होतोय तर त्याच दिवशी जा. तात्पुरतं सिमेंट असेपर्यंत बाकरवडी दुसऱ्या बाजूने.

आणि कॅप, म्हणजे दातावर बसवायचं टोपण. दुखणं थांबलं की लोक तिथेच पळतात, आणि पोखरलेली दाढ काही महिन्यांनी उभी चिरते, मग बऱ्याचदा ती काढावीच लागते, म्हणजे रूट कॅनलचेही पैसे पाण्यात. समोरच्या दाताला कधी कॅपशिवाय चालून जातं, दाढेला शक्यतो नाही. म्हणून पहिल्याच दिवशी दर विचारताना कॅप धरून एकूण किती, मेटल, सिरॅमिक की झिरकोनिया, आणि वॉरंटी कार्ड मिळेल का, एवढं विचारूनच खुर्चीत बसा.