गेन वाढवून ऑफसेट जात नाही

पहिल्या नोकरीत माझा अख्खा आठवडा आठ अंशांमागे गेला. टाकीचा सेटपॉइंट, म्हणजे हवं असलेलं तापमान, ८०; पाणी मात्र ७२ च्या आसपास येऊन बसायचं. हा कायम उरणारा फरक म्हणजेच ऑफसेट. सेन्सर बदलला, वायरिंग तपासलं, हीटरवर संशय घेतला. सगळं ठणठणीत. बिचारा प्रपोर्शनल कंट्रोलर, म्हणजे फरकाच्या प्रमाणात हीटर चालवणारा, आपलं काम चोख करत होता.

आउटपुट (हीटर किती टक्के चालवायचा) म्हणजे गेन गुणिले एरर (सेटपॉइंट वजा प्रत्यक्ष तापमान), हे तुम्हाला पाठ असेलच. मलाही होतं. पण एरर शून्य झाला की हीटरही बंद, हे डोक्यात शिरलं नव्हतं. ८० अंश टिकवायला सतत उष्णता लागते आणि हीटर चालू ठेवायला थोडा एरर उरावाच लागतो. आकडे घाला. बाहेर ३० अंश, हीटरच्या दर टक्क्याला तापमान १ अंश वर, गेन दर अंशाला ५ टक्के. ८० आणि ३० मधलं अंतर ५०, मग एरर = ५० − ५ × एरर, म्हणजे ५० भागिले ६, साधारण ८.३. गेन दुप्पट केला तर ५० भागिले ११, ४.५. चौपट केला तरी २.४ उरतोच. हे स्वतः कागदावर करा, नुसतं वाचून उतरत नाही.

"गेन वाढव की" असं सांगणारे सीनियर सगळीकडे भेटतात. मी वाढवला. सेन्सरला उशिरा कळतं, तोवर हीटर ओततच राहतो. लूप (सेन्सर, कंट्रोलर आणि हीटर यांची साखळी) हंटिंग करू लागला, म्हणजे तापमान सतत खाली-वर झुलू लागलं. झिगलर आणि निकोल्स या कंट्रोल इंजिनियरांनी १९४२ मध्येच सांगून ठेवलंय: ज्या गेनला लूप एकसारखा झुलत राहतो, त्याच्या निम्म्यावर थांबा. ऑटोट्यून (कंट्रोलर स्वतःच गेन ठरवतो ती सोय) वापरा, पण एकदा तरी हाताने ट्यून केल्यावर.

घाबरू नका, उपाय साधा आहे. ५० टक्के बायस, म्हणजे एरर नसतानाही मिळणारं ठरावीक आउटपुट, द्या, एरर शून्य. फक्त बाहेरचं तापमान २० वर उतरलं की १.७ अंशांचा फरक परत येतो. तो बायस आपोआप सरकवायला इंटिग्रल, म्हणजे एररची बेरीज करत जाणारा भाग, असतो. जिथे फक्त लेव्हल (पातळी) सांभाळायची त्या टाकीत थोडा ऑफसेट चालत असेल, तर नुसता प्रपोर्शनलही पुरतो.

आणि पॅनेलवर गेन लिहिलाय की प्रपोर्शनल बँड, ते आधी बघा. बँड म्हणजे १०० भागिले गेन, आकडा वाढला की गेन उतरतो. मी २० चे ४० केले, गेन दुप्पट झाला म्हणून खूश. पाणी ६६ वर आलं, आणि मी पुन्हा सेन्सर बदलायला निघालो.