मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर त्रास पुन्हा सुरू झाला तर

मूत्रमार्गाच्या पुनर्रचनेनंतर लघवीची धार पुन्हा बारीक होऊ लागली किंवा टाक्यांच्या जागेतून थेंब झिरपू लागले, तर सारे वाया गेले असे लगेच धरून चालू नये. मार्ग पुन्हा आकसणे आणि फिस्टुला (मूत्रमार्गापासून त्वचेपर्यंत पडलेले छिद्र, ज्यातून लघवी झिरपते) होणे या डॉक्टरांच्या परिचयाच्या गुंतागुंती असून दोन्हींवर उपचार आहेत. फिस्टुलाची दुरुस्ती मात्र घाईने होत नाही, कारण ऊती मऊ पडाव्यात म्हणून सर्जन बहुधा 6 महिने थांबायला सांगतात, आणि हे थांबणेच सर्वांत जड जाते.

तोवर एका वहीत तारीख, लघवीला लागलेला वेळ आणि धार फाटते का, एवढे लिहीत जावे. युरोफ्लोमेट्रीच्या (लघवीच्या धारेचा वेग मोजणाऱ्या तपासणीच्या) आलेखाशेजारी ती वही ठेवली की डॉक्टरांशी बोलणे नेमके होते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांजवळ जातो, तेव्हा पाणी कमी पडून होणारी जळजळ आणि जंतुसंसर्गाची जळजळ यांत गल्लत होते, म्हणून लघवीची तपासणी करून घ्यावी. लघवी तुंबली किंवा थंडी वाजून ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

‘ऑपरेशन झालं ना, मग आता काय?’ असे घरचे विचारतात (त्यात दुष्टपणा नसतो). निदान एका जवळच्या माणसाला तरी खरे काय ते सांगून ठेवावे. दुसऱ्या युरोलॉजिस्टचे मत घेताना जुन्या शस्त्रक्रियेची नोंद आणि एक्स-रे सोबत न्यावेत.