जुन्या स्पोर्ट्स कारचे मागचे स्ट्रट उघडताय? या चुका टाळा

डॅटसन २४०झेड या जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचा मागचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला चाकाजवळचा खांब, सोडवायला बसलात की आधी गाडीखाली आडवे व्हा आणि एक नट शोधा. खालचा आर्म आणि स्ट्रटचं बूड यांना जोडणारी एक लांब आडवी पिन असते, स्पिंडल पिन. तिच्या मध्यावर हाउसिंगमध्ये, म्हणजे स्ट्रटच्या त्या बुडात, एक छोटी लॉक पिन घुसलेली असते आणि तिला हा नट असतो. आपल्याकडच्या गाडीत तो सहसा दिसतच नाही, कारण वर चिखल आणि ग्रीसचा थर दगडासारखा बसलेला असतो. या एका नटापायी चांगल्या गाड्यांची वाट लागलेली मी पाहिली आहे.

लॉक पिनला एका बाजूने उतार असतो. तो स्पिंडल पिनच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. ती पाचर न काढता स्पिंडल पिनवर घण मारणं म्हणजे कडी न काढता दाराला धक्के देणं.

गिरगावातल्या एका तरुणाने बिल्डिंगच्या आवारात गाडी घोडीवर चढवली आणि दोन रविवार हेच केलं. मग मला फोन. "काका, बाकी सगळं सुटलंय, फक्त पिन तेवढी राहिलीय." जाऊन पाहतो तर पिनचं तोंड छत्रीसारखं पसरलेलं, आटे साफ गेलेले. लॉक पिन जागच्या जागी. "ही काढलीस का रे?" विचारलं, तर म्हणाला, "ही कुठली?" त्याने व्हिडिओ पाहिले होते. त्यांत पिन पाच मिनिटांत निघते, कारण ती गाडी कोरड्या हवेत वाढलेली असते. आपली गाडी चार महिने पावसात आणि आठ महिने खाऱ्या वाऱ्यात उभी. पिन आणि बुशची (सांध्यातल्या रबरी गादीची) आतली नळी गंजून एकजीव झालेली असते.

पसरलेलं तोंड भोकातून जाणारच नव्हतं. शेवटी हाउसिंग आणि आर्म यांच्यामधल्या फटीत हॅकसॉचं पातं घालून दोन्हीकडून पिन कापली, स्ट्रट बाहेर काढला आणि मधला तुकडा कुर्ल्याच्या एका लेथवाल्याकडे प्रेसवर नेला. सुटताना बंदुकीसारखा आवाज झाला. नवीन पिन परदेशातून येईपर्यंत गाडी तशीच लटकून होती.

दुसऱ्या बाजूची पिन त्याच मुलाने माझ्यासमोर अख्खी काढली. आधी वायर ब्रशने सगळं स्वच्छ. मग सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल, असे सहा दिवस. लॉक पिनचा नट सैल केला, पण काढून टाकला नाही. नटाचं तोंड आट्यांच्या टोकाशी सपाट ठेवून त्यावर पितळी ठोकणी धरली, म्हणजे आटे वाचतात. लॉक पिन निघाल्यावर स्पिंडल पिन प्रेसने सरकवली. घणाची गरज लागली नाही. सहा दिवस थांबायची तयारी नसेल तर हे काम हातात घेऊच नका, असं मी तोंडावर सांगतो. बसवताना माझी सवय अशी की पिनवर कॉपर ग्रीस फासायचं आणि खाच ज्या बाजूला आहे तिथे पिनच्या टोकावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायची. आत गेल्यावर खाच दिसत नाही, रेघ दिसते.

दुसरी गोष्ट, जिचा मला मनापासून राग येतो: स्प्रिंग कापणं. गाडी खाली बसलेली देखणी दिसते, मान्य. पण गॅसने दोन वेढे उडवले की उष्णतेने त्या भागातलं पोलाद बिघडतं, उरलेली स्प्रिंग कडक होते, आणि गाडी जॅकवर उचलली की आखूड स्प्रिंग तिच्या बैठकीत सैल खुळखुळते. शिवाय शॉकअप मूळ लांबीचाच असतो, त्यामुळे रॉडचा खालचा प्रवास आधीच संपलेला असतो. आपल्याकडच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला तो बम्प स्टॉपवर, म्हणजे प्रवास अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो. गाडी खाली बसवायचीच असेल तर त्या मापाची स्प्रिंग घ्या, स्ट्रटची नळी कापून आखूड करून घ्या आणि आखूड कार्ट्रिज (नळीत बसणारा सीलबंद शॉकअप) टाका. वेल्डिंग करताना कार्ट्रिज आत नको, त्यात दाबाखाली गॅस असू शकतो.

कार्ट्रिजबद्दल थोडं. मूळ स्ट्रटमध्ये तेल आणि सुटे भाग थेट नळीत असतात. अपग्रेड करताना ते सगळं काढून सीलबंद कार्ट्रिज घालतात. नळीत थोडं इंजिन ऑइल ओता, म्हणजे कार्ट्रिजची उष्णता नळीपर्यंत पोचते. काठोकाठ भरू नका, गरम तेल फुगतं. ग्लँड नट, म्हणजे नळीचं तोंड बंद करणारा नट, पूर्ण आवळल्यावर कार्ट्रिज वरखाली जराही हललं नाही पाहिजे. हललं तर खड्ड्यात "टक-टक" ऐकू येईल आणि तुम्ही उगाच बुश बदलत बसाल. पुढची आणि मागची कार्ट्रिज दिसायला सारखी, लांबी वेगळी, दुकानातच मोजा.

शॉकअपचा रॉड व्हाइस ग्रिपने (दातेरी पकडीने) धरू नका. क्रोमवर एक ओरखडा पडला तरी सील गेलं.

स्प्रिंग दाबून धरणारे स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर लावा आणि हाताच्या पान्यानेच फिरवा. इम्पॅक्ट गन नको.

सुटलेला स्ट्रट ब्रेकच्या होसवर लटकू देऊ नका, तारेने बांधा.

एकच शॉकअप बदलू नका, जोडीच बदला.

पॉलीयुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) बुश घेताना विचार करा. मुंबईच्या रस्त्यावर चांगला रबरी बुश मला जास्त पटतो.

शेवटचा पाना फिरवतानाही घाई नडते. चाकं हवेत असताना रबरी बुशचे नट पूर्ण आवळले, तर गाडी जमिनीवर टेकताच रबर पिळलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं. मी नट नुसते बोटाने बसवतो, गाडी चारही चाकांवर लाकडी फळ्यांवर चढवतो, मागून दोनतीनदा दाबून हलवतो आणि मग खाली आडवा होऊन आवळतो. फळ्या साध्याच आहेत, एका सुताराने उरलेल्या सागवानाच्या करून दिलेल्या.