चिकित्सा मानसशास्त्राच्या प्रशिक्षणातील जात, भाषा आणि समता : या चुका टाळा

चिकित्सा मानसशास्त्राचा दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम चालवणाऱ्या विभागांत ‘विविधता आणि समावेशन’ या विषयावर वर्षातून एखादे व्याख्यान ठेवले जाते आणि तेवढ्यावर विषय मिटला असे मानले जाते. पहिली चूक हीच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या केस प्रेझेंटेशनमध्ये पुन्हा तेच शेरे आणि तेच हशे ऐकू येतात, कारण भेदभाव मुरलेला असतो तो केसपेपरात, चाचणीच्या अहवालात, सुपरव्हिजनमध्ये (वरिष्ठांच्या देखरेखीखालील मार्गदर्शनात) आणि व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलावर. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ऑक्टोबर २०२१ मध्ये वंशवादातील आपल्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली, हे आपण वर्गात आवर्जून सांगतो. जातीचा विषय निघाला की मात्र ‘आमच्याकडे तसे काही नाही’ एवढ्यावर बोळवण होते.

केसपेपरावरील शेरे

नंदुरबार जिल्ह्यातील धडगावकडची, पावरी ही आदिवासी भाषा बोलणारी एखादी स्त्री बाह्यरुग्ण विभागात येते, असे समजा. प्रशिक्षणार्थी तिची मानसिक स्थिती तपासताना प्रमाण मराठीत ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीचा अर्थ विचारतो. ती गप्प राहते. वॉर्डातील मावशी मध्ये पडून भाषांतर करतात, ती दोन-तीन मिनिटे काहीबाही सांगते, आणि मावशी त्याचा सारांश ‘नाही म्हणते’ एवढाच देतात. कागदावर उमटते : ‘अल्पभाषी, सहकार्य अपुरे, अमूर्त विचारक्षमता कमी.’ पुढे हीच तीन वाक्ये प्रत्येक भेटीत उतरवली जातात आणि पाहता पाहता ती त्या बाईची ओळख होऊन बसतात.

यावर उपाय साधा आहे, पण तो सुपरव्हायझरने लावून धरावा लागतो. तपासणी कोणत्या भाषेत झाली आणि दुभाषी कोण होते, याची नोंद पहिल्या ओळीत नसेल तर केसपेपर परत करावा. म्हणीऐवजी रोजच्या वापरातील दोन वस्तूंतले साम्य विचारावे. ‘अंगात येते’, ‘बाहेरचे झाले आहे’, ‘करणी केली’ हे शब्द रुग्णाच्या तोंडचे जसेच्या तसे लिहावेत आणि त्यांना भ्रम म्हणण्याआधी घरातील व गावातील माणसेही तसेच मानतात का, हे विचारावे. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेत सांस्कृतिक मुलाखतीचे सोळा प्रश्न याचसाठी दिलेले आहेत. ते परीक्षेपुरते पाठ होतात आणि वॉर्डात कुणी विचारत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

पारधी रुग्णाच्या बाबतीत ही चूक अधिक महागात पडते. ‘पोलीस माझ्या मागावर आहेत’ असे तो म्हणाला की पेन आपोआप ‘छळाचा भ्रम’ या शब्दांकडे वळते. ज्या समाजावर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही ज्याच्याकडे संशयाने पाहणे थांबले नाही, त्याची पोलिसांबद्दलची भीती आधी वस्तुस्थितीच्या कसोटीवर तपासायला हवी. खरोखर चौकशी चालू आहे का, घरातील कुणाला नुकतेच उचलले होते का, हे नातेवाइकांना विचारायला दहा मिनिटे पुरतात. त्यानंतरही भ्रमाचे निदान होऊ शकते, पण ते निदान तपासून केलेले असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार सामाजिक दर्जा किंवा एखाद्या सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक गटाचे सदस्यत्व यांच्या आधारे मानसिक आजार ठरवता येत नाही, हे प्रशिक्षणार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे.

चाचणीचा आकडा

बिने-कामत या बुद्धिमापन चाचणीचा उगम १९३० च्या दशकातला, आणि नागपुरात तयार झालेली मालिन यांची मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी १९६९ ची. अशा जुन्या चाचण्यांतून मेळघाटातील आश्रमशाळेत शिकणाऱ्या कोरकू या आदिवासी समाजातील मुलाला सामान्य माहितीचे आणि शब्दसंग्रहाचे प्रश्न मराठीतून विचारून आलेला आकडा अहवालात एकटाच लिहिणे, ही चूक बौद्धिक अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापर्यंत जाऊन पोहोचते. शाब्दिक आणि कृतीवर आधारित भागांचे गुण वेगळे दाखवावेत, मूल घरी व शेतात काय काय करते याची माहिती जोडावी आणि अर्थ लावण्याच्या मर्यादा स्पष्ट शब्दांत लिहाव्यात.

‘पानी’ आणि ‘पाणी’

शिकणाऱ्यांच्या बाबतीत होणाऱ्या चुका अधिक बारीक असतात. एखादी प्रशिक्षणार्थी केस मांडताना ‘पानी’ म्हणते, सुपरव्हायझर सर्वांसमोर ‘पाणी’ असे दुरुस्त करतात, बॅच हसते, आणि पुढच्या केसला तिचा आवाज अर्धा होतो. सत्राच्या शेवटी ‘संवादकौशल्य’ या रकान्यात तिचे गुण कापले जातात. तिच्याचकडे रुग्ण मोकळेपणाने बोलतात, याला मात्र त्या रकान्यात जागा नसते. गुणदानाचे निकष आधी लिहून काढले आणि त्यांत उच्चाराऐवजी रुग्णाशी जुळलेला संवाद मोजला, तर ही गोष्ट एका सत्रात बदलते.

व्हायवात आडनाव, गाव किंवा ‘प्रवेश कुठल्या कोट्यातून?’ हे विचारणे पूर्णपणे बंद करावे. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीच्या २००७ च्या अहवालात परीक्षेतील अशा विचारणेच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. ‘मी जात मानत नाही’ असे म्हणणारे सुपरव्हायझर बहुधा प्रामाणिकच असतात. पण त्या वाक्यानंतर समोरच्या विद्यार्थ्याला आपला अनुभव सांगण्याची सोय उरत नाही. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे दलित विद्यार्थ्यानेच १४ एप्रिलचे भाषण करावे, वस्तीतील पोस्टिंग त्यालाच द्यावे आणि जातीचा प्रश्न निघाला की सगळ्यांनी त्याच्याचकडे पाहावे. समतेचे काम कुणाला द्यायचेच असेल, तर ते ड्युटीच्या तक्त्यात आणि मूल्यमापनात धरावे.

तक्रार कुणाकडे?

बहुतेक ठिकाणी उत्तर ‘विभागप्रमुखांकडे’ असेच असते, आणि लॉगबुकवर (प्रशिक्षणातील कामाच्या नोंदवहीवर) सही करणारे, अंतर्गत गुण देणारे व शिफारसपत्र लिहिणारेही तेच असतात. मग तक्रारी येत नाहीत, आणि तक्रारी नाहीत म्हणून सारे ठीक चालले आहे असा निष्कर्ष निघतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक विभागाच्या सूचनाफलकावर लावावा, तो अधिकारी विभागाबाहेरचाच असावा, आणि तक्रार आल्यास त्या विद्यार्थ्याचा सुपरव्हायझर व अंतर्गत परीक्षक चौकशी संपेपर्यंत बदलावा.